‘शाळामुक्त’ या एका शब्दावरून: घरी शिकणाऱ्या मुलांच्या पालकगटातील नावाच्या वादाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील एका पालकगटाचे आहे. गटात तेव्हा तीसेक कुटुंबे होती आणि त्यांची मुले निरनिराळ्या कारणांनी शाळेत जात नव्हती. महिन्यातून दोनदा एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत सगळे जमत. मुले जिन्यावरून खाली-वर करीत राहत आणि पालक सतरंजीवर बसून बोलत. त्या काळात गटाच्या समन्वयाचे काम मी पाहत होते आणि माझा मुलगाही घरीच शिकत होता, त्यामुळे तटस्थ निरीक्षकाचा आव मी येथे आणणार नाही. माणसांचा उल्लेख मी त्यांच्या राहत्या भागावरून केला आहे आणि ते भागही बदलले आहेत. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

गट एकजिनसी नव्हता, ही गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. कोथरूडच्या जोडप्याच्या मुलींनी शाळेचे तोंडही पाहिलेले नव्हते. त्यांच्या घरी वेळापत्रक नव्हते, पाठ्यपुस्तक नव्हते आणि मुलींना जे जाणून घ्यावेसे वाटे त्यामागे आईवडील जात; याला ते ‘अनस्कूलिंग’ म्हणत. हडपसरच्या बाई रोज सकाळी नऊ ते बारा बालभारतीची पुस्तके घेऊन मुलाला शिकवत आणि दर शनिवारी चाचणी घेत. भोसरीचे वडील एका कारखान्यात फिटर होते. त्यांच्या मुलाला अक्षरे उलटसुलट दिसत, वर्गात त्याचा रोज पाणउतारा होई, आणि सहावीनंतर त्यांनी त्याला शाळेतून काढले. सांगवीच्या कुटुंबातील मुलीला सेरेब्रल पाल्सी होती. आणि कर्वेनगरच्या आजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या होत्या. सुनेच्या आणि मुलाच्या निर्णयाला त्यांचा विरोध होता, तरी दोन्ही नातवंडांना घेऊन त्या प्रत्येक बैठकीला न चुकता येत.

तीन वर्षे हे सगळे एकत्र चालले, कारण गटाला नाव नव्हते. ‘वाचनालयातली बैठक’ एवढेच आम्ही म्हणत होतो.

समस्या कशी उभी राहिली

दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या. चौकशी करणारी नवी कुटुंबे वाढली होती, म्हणून मराठीत एक पानाचे परिचयपत्रक काढायचे ठरले आणि त्याचा मसुदा कोथरूडच्या बाईंनी केला. त्याची पहिलीच ओळ होती: ‘आम्ही शाळामुक्त शिक्षण घेणारी कुटुंबे आहोत.’ त्याच सुमारास शाळाबाह्य मुलांची नोंद करण्यासाठी जवळच्या शाळेतील एक शिक्षिका घरोघर फिरत कोथरूडच्या घरी पोहोचल्या. मुलगी कोणत्या शाळेत जाते, असे त्यांनी विचारले. बाईंनी उत्साहाने सांगितले, “आम्ही शाळामुक्त आहोत, अनस्कूलिंग करतो.” शिक्षिकेने क्षणभर विचार केला आणि तक्त्यात ‘शाळाबाह्य’ असे लिहिले.

त्या शिक्षिकेला मी दोष देत नाही. त्यांच्या हातातील कागदावर दोनच रकाने होते, आणि दारात ऐकलेला शब्द त्यांनी त्यातल्या जवळच्या रकान्यात टाकला. महाराष्ट्रात ४ जुलै २०१५ रोजी एका दिवसात राज्यभर झालेल्या सर्वेक्षणापासून ‘शाळाबाह्य’ हा शब्द घराघरांत पोहोचला. वीटभट्टीवरचे मूल, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे मूल, सिग्नलवर गजरे विकणारे मूल असे चित्र त्या शब्दाबरोबर डोळ्यांसमोर येते. ज्याचे शिक्षण परिस्थितीने हिरावले, त्याला शोधून शाळेत आणण्यासाठी हा शब्द घडवला आहे. आमच्या मुलांना तो लागू होतो की नाही, हा प्रश्न त्या दुपारी कोथरूडच्या दारात पहिल्यांदा उभा राहिला.

पुढच्या बैठकीत हडपसरच्या बाई मसुदा हातात घेऊनच आल्या. आपल्या घरी आलेल्या शिक्षिकेला त्यांनी वह्या, पुस्तके आणि चाचण्यांचे गुण दाखवले होते आणि त्या बाई समाधानाने परतल्या होत्या. एका कुटुंबाच्या शब्दाच्या हौसेपायी सगळ्यांवर संकट येईल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. कोथरूडच्या बाईंनी उत्तर दिले, “तुम्ही घरात शाळाच भरवता. मग शाळेतून बाहेर तरी कशाला पडलात?” त्यावर हडपसरच्या बाई म्हणाल्या, “मुलाला वाऱ्यावर सोडायचे आणि त्याला इंग्रजी नाव द्यायचे, हे मला जमणार नाही.”

ही दोन वाक्ये पुढे सहा महिने गटात फिरत राहिली. कोण ‘खरे’ आणि कोण ‘अर्धवट’, ही मोजणी त्या दिवशी सुरू झाली.

शब्दांच्या पोटात काय होते

वादाच्या पहिल्या महिन्यात आम्ही सगळे असे धरून चाललो होतो की प्रत्येक शब्दाचा अर्थ ठरलेला आहे आणि कोणीतरी तो चुकीचा वापरत आहे. मी शब्दांचा मागोवा घेऊ लागले तेव्हा हे गृहीतकच कच्चे असल्याचे कळले.

‘अनस्कूलिंग’ हा शब्द अमेरिकी शिक्षक जॉन होल्ट यांनी रूढ केला. ऑगस्ट १९७७ मध्ये त्यांनी बॉस्टनहून ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक सुरू केले. तेथे त्यांनी हा शब्द मुलांना शाळेतून काढणे एवढ्याच अर्थाने वापरला होता. शाळा सक्तीची राहू नये म्हणून कायदे बदलण्याच्या कामाला ते ‘डीस्कूलिंग’ म्हणत. म्हणजे होल्ट यांच्या त्या पहिल्या अर्थाने पाहिले तर हडपसरच्या बाईसुद्धा अनस्कूलिंगच करत होत्या. मुलाच्या कलाने, अभ्यासक्रमाविना शिकणे हा अरुंद अर्थ पुढे चिकटला. होल्ट १९८५ मध्ये वारले; त्यांचे सहकारी पॅट फरेंगा यांनी नंतर जी व्याख्या केली तिचा आशय असा, की आईवडिलांना सहजपणे सोसवेल तेवढे स्वातंत्र्य मुलाला जगात शिकण्यासाठी देणे म्हणजे अनस्कूलिंग. या व्याख्येत मोजमाप आईवडिलांच्या सोसण्याचे आहे, आणि ते प्रत्येक घरात वेगळेच असणार.

‘डीस्कूलिंग’चीही तीच गत. विचारवंत इव्हान इलिच यांनी १९७१ मध्ये हा शब्द सबंध समाजाच्या संदर्भात वापरला. आज पालक मात्र शाळा सोडल्यानंतर मुलाला सावरायला द्यायच्या काळाला डीस्कूलिंग म्हणतात, आणि शाळेत काढलेल्या प्रत्येक वर्षामागे एक महिना, असा ठोकताळाही सांगतात. भोसरीच्या वडिलांना कोणीतरी हा ठोकताळा सांगितला होता. मुलाची सहा वर्षे झाली होती, म्हणून त्यांनी सहा महिने मोजले, सातव्या महिन्याच्या पहिल्या तारखेला पुस्तक उघडले, आणि मुलगा रडू लागला. शब्द नेमका असला की उपायही नेमका असेल, असे माणसाला वाटते.

हे झाले इंग्रजीचे. मराठीत आणताना प्रत्येक शब्दाला आपली जुनी नाती चिकटली होती आणि खरा वाद त्या नात्यांचा होता.

‘गृहशिक्षण’ हा शब्द बहुतेकांना चालण्यासारखा होता, पण सांगवीच्या आईने हात वर केला. शिक्षणहक्क कायद्यात २०१२ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय निवडण्याचा हक्क दिला आणि सरकारी कागदांत त्यासाठी ‘गृहाधारित शिक्षण’ असा शब्द येतो. तिच्या मुलीसाठी विशेष शिक्षक घरी येत ते याच तरतुदीतून. ती म्हणाली, “तुम्ही सगळ्यांनी साधारण हाच शब्द घेतला, तर उद्या कार्यालयात मला दरवेळी सांगत बसावे लागेल की माझी मुलगी हौसेने घरी नाही.” त्या खोलीत कोणालाही हे आधी सुचले नव्हते.

‘घरशाळा’ हा शब्द मला स्वतःला फार आवडला होता. तो घरचा वाटतो, उच्चाराला सोपा आहे. पण अनस्कूलिंग करणाऱ्यांना त्यातला ‘शाळा’ खुपत होता आणि एका वकील पालकांनी आणखी गंभीर गोष्ट दाखवली. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मान्यता नसताना शाळा चालवली तर १ लाख रुपयांपर्यंत आणि त्यानंतरही चालू ठेवली तर दिवसाला १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पाच-सहा कुटुंबांची मुले आठवड्यातून तीन दिवस एका खोलीत जमतात, त्या खोलीच्या दारावर ‘घरशाळा’ अशी पाटी लागली तर ती पाटी आपण होऊन काय कबूल करते, असा त्यांचा प्रश्न होता.

‘मुक्तशिक्षण’ म्हटले की नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आठवते, किंवा मुक्त विद्यालयाच्या परीक्षा. म्हणजे बाहेरून परीक्षा देणे हा अर्थ आधीच बसलेला. ‘जीवनशिक्षण’ हा कोणीतरी सुचवलेला सुंदर शब्द गांधीजींच्या नई तालीमच्या परंपरेशी जोडलेला आहे, पण कर्वेनगरच्या आजींनी सांगितले की ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ अशा पाट्या जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांवर आहेत आणि त्यांची स्वतःची अखेरची शाळा त्याच नावाची होती.

राहिला ‘शाळामुक्त’. या शब्दावर आजी जे बोलल्या, ते मला जवळजवळ शब्दशः आठवते. “व्यसनमुक्त, कर्जमुक्त, टँकरमुक्त, तंटामुक्त, हागणदारीमुक्त. मराठीत ज्याच्यामागे ‘मुक्त’ लागते ती पीडा असते. शाळा ही पीडा आहे असे मी मरेपर्यंत म्हणणार नाही.” मग त्यांनी १८८२ सालची आठवण काढली. शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले, त्यात निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी होती. १९११ मध्ये गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि ते मंजूर झाले नाही. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. ज्या ‘सक्ती’ला आपण इंग्रजी पुस्तके वाचून नावे ठेवतो, ती सक्ती या मातीत मागून घेतलेली आहे, पोरांना कामाला जुंपणाऱ्यांच्या विरोधात आणि शाळेचे दार अडवणाऱ्यांच्या विरोधात मागून घेतलेली आहे, असे त्या म्हणाल्या.

त्यानंतर भोसरीचे वडील, जे सहसा बोलत नसत, म्हणाले, “माझी आई शाळेच्या दारापर्यंत गेली होती. आत नाही गेली. तिला मी काय सांगू, की तुझा नातू मुक्त झाला?”

खोलीत बराच वेळ शांतता होती. कोथरूडच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आले, आणि हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे त्यांना हेकेखोर ठरवले गेले. आपल्या मुलींच्या मोकळेपणासाठी त्यांनी प्रेमाने निवडलेला शब्द समोरच्या माणसाच्या आईच्या अंगावर पडला होता, हे त्यांना तेव्हाच कळले होते.

समोर असलेले पर्याय

या टप्प्यावर आमच्यापुढे साधारण चार वाटा होत्या. पहिली, बहुमताने एक शब्द ठरवणे. ती झटपट होती आणि पत्रक लवकर छापून झाले असते. दुसरी, ‘होमस्कूलिंग’ हा इंग्रजी शब्दच देवनागरीत ठेवणे. पुण्यातल्या बऱ्याच लोकांना तो कळतो, पण भोसरीच्या वडिलांचे म्हणणे होते की तो शब्द ऐकला की शेजारी फी विचारतात. त्यांना ती श्रीमंतांची काहीतरी नवी शाळा वाटते.

तिसरी वाट कायद्याच्या भाषेतून नाव घेण्याची. एका सदस्याच्या इंग्लंडमध्ये राहणाऱ्या बहिणीने हे सुचवले. तेथील १९४४ च्या शिक्षण कायद्याने मुलाला नियमित शाळेत पाठवून ‘किंवा अन्यथा’ शिक्षण मिळवून देण्याचे कर्तव्य पालकांवर टाकले, आणि त्या ‘अन्यथा’ शब्दावरूनच ‘एज्युकेशन अदरवाइज’ ही पालकांची संघटना सत्तरच्या दशकात उभी राहिली. कल्पना मोहक होती. पण आपल्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात, जो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, असा ‘अन्यथा’ नाही. कलम १० पालकांचे कर्तव्य सांगते ते ६ ते १४ वयाच्या मुलाला परिसरातील शाळेत घालण्याचे. ते न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा सांगितलेली नाही, पण अपंग मुलांसाठीची तरतूद सोडली तर घरी शिकणाऱ्यांसाठी शब्दही दिलेला नाही. जो शब्द कायद्यातच नाही तो उचलणार कोठून?

चौथी वाट वेगळे होण्याची होती. अनस्कूलिंग करणाऱ्यांनी आपला गट करावा, अभ्यासक्रम पाळणाऱ्यांनी आपला. हे बोलून दाखवायला सगळे कचरत होते, तरी मनात अनेकांच्या होते.

प्रत्यक्षात काय केले

आम्ही पहिली वाट धरली आणि तीच आमची सर्वांत मोठी चूक ठरली. चिठ्ठ्या टाकून मतदान घेण्याचा प्रस्ताव माझाच होता. ‘गृहशिक्षण’ला सर्वाधिक मते मिळाली. निकाल वाचून झाल्यावर सांगवीची आई मुलीची चाकांची खुर्ची घेऊन शांतपणे निघाली; लिफ्ट नसल्याने खुर्ची खाली उतरवायला नेहमी चौघे धावत, त्या दिवशी उठण्यात सगळ्यांनाच संकोच वाटला. जिची अडचण सर्वांना पटली होती, तिलाच आम्ही संख्येने हरवले होते. मी त्याच संध्याकाळी निकाल स्थगित केला. हा अधिकार मला कोणी दिला नव्हता, आणि त्याबद्दल माझ्यावर योग्य ती टीका झाली.

दोन बैठका आम्ही नावाचा विषय काढायचा नाही असे ठरवले. तिसऱ्या बैठकीसाठी कर्वेनगरच्या आजींनी एक काम सुचवले. वर्गात भांडणे झाली की त्या मुलांना ‘काय घडले ते लिही, कोण कसा आहे ते लिहू नकोस’ असे सांगत. तसेच आपण करावे, प्रत्येक घराने मागचा मंगळवार लिहून आणावा, सकाळपासून रात्रीपर्यंत, कोणतेही नाव न देता.

ती बैठक चार तास चालली. कोथरूडच्या बाईंच्या कागदावर दुपारी तासभर मराठी वाचन होते आणि त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले होते की धाकटी कंटाळली तरी तेवढा वेळ तिला बसवतो, कारण घरात इंग्रजीच फार बोलले जाते. हडपसरच्या बाईंच्या कागदावर नऊ ते बारा अभ्यास होता, आणि बारा ते सहा या वेळेपुढे लिहिले होते: ‘बंद पडलेला मिक्सर उघडून बसला होता. जेवायला दोनदा हाक मारली. उठला नाही. मीही मग ताट तिथेच नेले.’ भोसरीचे वडील दुसऱ्या पाळीला असल्याने त्यांचा कागद पत्नीने वाचला. मुलगा सकाळी वडिलांच्या मित्राच्या लेथवर गेला होता. व्हर्नियरने माप घेऊन ते स्वतः वहीत उतरवत होता. दशांश चिन्ह दोनदा चुकले आणि तिसऱ्यांदा त्याने ते आपणहून सुधारले. वहीचे ते पान तिने सगळ्यांकडे फिरवले. अंक डावीकडे कललेले होते, पेन्सिल दाबून धरल्याने कागद मागून उमटला होता, आणि खाली मुलाने स्वतःच ‘बरोबर’ असे लिहिले होते.

त्या पानाला शिक्षण म्हणायचे की अनस्कूलिंग, असे त्या दिवशी कोणी विचारले नाही.

यानंतर निर्णय तुलनेने लवकर झाले. गटाला पद्धतीवरून नाव द्यायचे नाही, वाचनालयाच्या गल्लीचेच नाव ठेवायचे, असे ठरले. पत्रकात एका शब्दाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरे द्यायची: काय शिकायचे हे घरात कोण ठरवते, दिवसाला ठरलेली वेळ आहे का, आणि परीक्षेचा काय विचार आहे. परीक्षेच्या उत्तरात कोणाला बाहेरून परीक्षेला बसण्यासाठीचा राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा होता, कोणाला वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी द्यायची होती, तर कोणी अजून काहीच ठरवले नव्हते. सर्वेक्षणाला कोणी आले तर सांगायचे एक साधे निवेदन वकील पालकांनी लिहून दिले, ज्यात ना ‘मुक्त’ होते ना ‘शाळा’: मुलाच्या शिक्षणाची व्यवस्था पालकांनी स्वतः घरी केली आहे, आणि त्याचे काम पाहता येईल. एक नियमही झाला. अनस्कूलिंग, गृहशिक्षण, घरशाळा हे सगळे शब्द ज्याने त्याने स्वतःबद्दल वापरावेत, दुसऱ्याच्या घराबद्दल वापरू नयेत. ‘खरे अनस्कूलिंग’ हा प्रयोग बैठकीत करायचा नाही.

परिणाम

गट टिकला, पण सगळा नाही. दोन कुटुंबे बाहेर पडली. त्यांपैकी एकाचे म्हणणे मला आजही विचार करायला लावते: नाव टाळल्याने आपण विचारही टाळतो, आणि मुलावर विश्वास ठेवणे व त्याच्याकडून चाचण्या लिहून घेणे यांत काहीच फरक नसल्यासारखे वागतो. हा आक्षेप खोटा नाही. फरक आहे, तो मोठा आहे, आणि त्यावर बोलण्यासाठी शब्द लागतातच. आमच्या नियमाने भांडण मिटवले तसे थोडे खरे बोलणेही मिटवले. पुढे सहा-आठ महिन्यांनी, माणसे पुन्हा एकमेकांजवळ बसू लागल्यावर, हडपसर आणि कोथरूडच्या बाईंनी मिळून ‘चाचणी घ्यावी का’ या विषयावर एक बैठक घेतली. ती चांगली झाली, पण तेवढा वेळ मधे गेलाच.

कोथरूडच्या मुलीच्या नोंदीचे पुढे फारसे काही झाले नाही. शिक्षिका पुन्हा आल्या, तेव्हा बाईंनी निवेदन आणि मुलीची चित्रवही दाखवली. शिक्षिकेने वही शांतपणे पाहिली, शेरा लिहिला आणि चहा घेतला. सांगवीची आई परत आली. पत्रकात तिच्या सूचनेवरून गृहाधारित शिक्षणाची तरतूद वेगळ्या परिच्छेदात समजावून सांगितली गेली आणि त्या परिच्छेदामुळे आणखी दोन कुटुंबे आमच्यापर्यंत पोहोचली, ज्यांना आपल्या मुलांचा हा हक्क माहीतच नव्हता.

आज वेगळे काय करू

मतदान घेणार नाही, हे तर झालेच. शब्द ज्याला बोचतो त्याची संख्या नेहमी थोडीच असते, त्यामुळे असा प्रश्न मोजणीने सोडवला की बोचणाऱ्याचेच नुकसान होते.

मसुदा एकट्या कुटुंबाकडे देणे हीसुद्धा चूक होती, आणि ती आळसातून झाली होती. कोथरूडच्या बाई चांगले लिहितात म्हणून आम्ही काम त्यांच्यावर ढकलले आणि मग त्यांच्या शब्दाबद्दल त्यांनाच धारेवर धरले. मसुदा भोसरी आणि कोथरूड यांनी मिळून केला असता, तर ‘शाळामुक्त’ पहिल्या तासातच गळला असता आणि कोणाला बैठकीत रडावे लागले नसते.

‘मंगळवार’चे काम आम्ही सहा महिने उशिरा केले. खरे तर ते नाव ठरवण्याआधी करायचे काम आहे. घरात प्रत्यक्ष काय चालते हे ठाऊक नसताना आम्ही त्याला नाव देऊ पाहत होतो.

आणि मुलांना आम्ही विचारलेच नाही. शब्द त्यांच्याबद्दल होता, आणि लिफ्टमध्ये, रिक्षात, लग्नाच्या पंगतीत ‘कोणत्या शाळेत जातेस गं?’ या प्रश्नाला उत्तर द्यायची वेळ रोज त्यांच्यावर येत होती. वाद मिटल्यावर कधीतरी मी कोथरूडच्या थोरल्या मुलीला विचारले की ती काय सांगते. ती तेव्हा बारा वर्षांची होती. ती म्हणाली, “मी सांगते, मी घरी शिकते. मग ते विचारतात, काय शिकतेस? मग मी सांगते.” भोसरीचा मुलगाही ‘घरी शिकतो’ असेच सांगत असे. हडपसरचाही. तिघांनी एकमेकांना न विचारता तेच क्रियापद निवडले होते, आणि आम्ही वरच्या मजल्यावर नाम शोधत बसलो होतो.

पत्रकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा पहिली ओळ बदलली. ‘येथे जमणारी मुले घरी शिकतात’, अशी ती ओळ आहे. आजींनी तिच्यात एक शब्द घालायला लावला, ‘सध्या’. त्यांच्या धाकट्या नातवाने पुढच्या जूनमध्ये शाळेत जायचे ठरवले होते आणि तो अजूनही शनिवारी बैठकीला येतो.